जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर: पडत नाही, ओव्हर जातो, एकदाच पडून बंद होतो... काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

विविटार २८३, सनपॅक, नॅशनल, मेट्झचा तो हँडलवाला ४५ सीटी-१, असे फिल्मच्या काळातले फ्लॅश अजून कितीतरी घरांत आणि स्टुडिओंत पडून आहेत आणि आता परत बाहेर निघतायत. कोणाला वडिलांच्या बॅगेत सापडतो, कोणी मुंबईच्या बोरा बाजारातून नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून स्वस्तात उचलून आणतो. उजेड आजही दणकून देतात, पोर्ट्रेटला, छतावर बाऊन्स मारायला, प्रॉडक्टचे फोटो काढायला झकास चालतात, त्यामुळे फेकून देऊ नका. पण डिजिटल बॉडीवर लावले की त्याच त्याच तक्रारी येतात. मी हे फ्लॅश खूप वर्षं दुरुस्त करतोय म्हणून सगळं एकदा व्यवस्थित लिहून ठेवतो.

तक्रारी साधारण या:

– फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबलं की पडतो, कॅमेऱ्यावर लावला की पडतच नाही
– रेडी लाइट (फ्लॅश भरला की लागणारा बारीक दिवा) लागतच नाही, किंवा लागायला मिनिटभर घेतो
– फोटो पांढराफटक, चेहरा पार जळलेला
– फ्लॅश पडलेला डोळ्यांना दिसतो पण फोटोत उजेड नाही
– फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा
– एकदा पडतो, मग फ्लॅश बंद-चालू केल्याशिवाय दुसऱ्यांदा पडत नाही
– काल चालत होता, आज ह्या बॉडीवर कुठलाच फ्लॅश पडत नाही

शेवटची तक्रार सगळ्यात वाईट आणि ती होऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. ज्यांनी फ्लॅश अजून बॉडीवर चढवलेला नाही त्यांनी खाली व्होल्टेज मोजायचं लिहिलंय तिथपर्यंत प्लीज चढवू नका. सेटिंग तपासायला पैसे लागत नाहीत हे मान्य, पण त्यासाठी फ्लॅश बॉडीवर लावावा लागतो म्हणून मी ते मुद्दाम मीटरच्या नंतर ठेवलंय.

आधी नुसतं बघा

कॅमेऱ्याच्या हॉट शूकडे (वर फ्लॅश सरकवायची खाच) नीट बघा, मध्ये गोल कॉन्टॅक्ट आहे का? हा प्रश्न येडचाप वाटेल पण आपल्याकडे घरोघरी असलेल्या कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉड्यांना मधला कॉन्टॅक्ट कंपनीने दिलेलाच नाही. त्यावर जुना फ्लॅश काय, एका पिनचा साधा रेडिओ ट्रिगर (तारेशिवाय फ्लॅश पाडणारी डबी) सुद्धा चालणार नाही, आणि लोक फ्लॅश खराब आहे समजून दुकानं पालथी घालतात. तुमची बॉडी यातली असेल तर फ्लॅशला दोष देऊ नका, खाली स्लेव्हचा उपाय लिहिलाय तो वापरा.

जुन्या सोनीवाल्यांचंही तसंच. मिनोल्टाने १९८८ ला स्वतःचा वेगळाच शू काढला, तोच पुढे सोनीच्या अल्फा बॉड्यांना आला आणि २०१२ पर्यंत टिकला. त्यात साधा फ्लॅश सरकतच नाही, अडॅप्टर लागतो. जोर लावून बसवू नका.

मग फ्लॅशचा पाय बघा. मधल्या मोठ्या पिनशिवाय आजूबाजूला बारक्या पिना असतील तर तो कुठल्यातरी एका कंपनीच्या फिल्म कॅमेऱ्यासाठी बनवलेला डेडिकेटेड फ्लॅश आहे. त्या पिना तुमच्या बॉडीवरच्या भलत्याच कॉन्टॅक्टवर टेकू शकतात आणि मग कॅमेरा गोंधळतो. मी सरळ साध्या सेलोटेपची बारीक पट्टी कापून त्या बाजूच्या पिना झाकतो, मधली तेवढी उघडी. कडेच्या पट्टीला जिथे अर्थिंग मिळतं ती जागा मात्र झाकायची नाही, नाहीतर सर्किटच पूर्ण होणार नाही.

सेल आणि कॉन्टॅक्ट

रेडी लाइट न लागण्याच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात. सेलचं झाकण उघडा, आत पांढरी किंवा हिरवट पावडर दिसली तर सेल फुटून गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, म्हणून त्यावर आंबट काहीतरी लागतं, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस इअरबडवर घेऊन हलक्या हाताने पुसा, मग स्वच्छ ओल्या बडने, मग कोरड्या, आणि दिवसभर वाळू द्या. स्प्रिंग चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारत बसू नका, वरचं प्लेटिंग गेलं की महिन्याभरात परत गंजते. पाच-सहा मिनिटं खोडरबर घासलात तरी पुरे. पायाच्या पिनेलाही खोडरबर मारा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, खोडरबराचा भुगा हॉट शूमध्ये पडता कामा नये.

सेल चारही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. घड्याळातला काढून एक, रिमोटमधला एक असं केलं की फ्लॅश चिं करत राहतो आणि लाइट लागत नाही, कारण त्याला एका दमात जास्त करंट लागतो आणि सगळ्यात मेलेला सेल बाकीच्या तिघांना अडवतो. रिचार्जेबल एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचे असले तरी यात उत्तम चालतात, उलट ते करंट जास्त देतात त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. झिंक कार्बनवाले स्वस्त सेल नकोत.

कपॅसिटरला जागं करा

दहा-पंधरा वर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशचा मेन कपॅसिटर सुस्त झालेला असतो. हा इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असतो, आत ॲल्युमिनियमवर एक पातळ ऑक्साइडचा थर असतो आणि वापर नसला की तो थर कमजोर होतो, मग चार्ज आत टिकत नाही, गळत राहतो. म्हणून पहिल्यांदा चालू केल्यावर रेडी लाइटला खूप वेळ लागला तर लगेच नाराज होऊ नका. नवे सेल घाला, लाइट लागू द्या, लागल्यावर तसाच काही मिनिटं चालू ठेवा, मग टेस्ट बटणाने मारा. परत भरू द्या, परत मारा, मधे मिनिटभर थांबा. चांगला कपॅसिटर असेल तर दर वेळी भरायचा वेळ कमी होत जातो आणि तुम्हाला ते नुसत्या आवाजावरून कळतं, सुरुवातीला खर्जात असलेला आवाज भराभर वर चढतो आणि लाइट लागतो.

वेळ कमीच होत नसेल, किंवा फ्लॅश हाताला गरम लागत असेल, किंवा जळकट नाहीतर माशासारखा वास येत असेल तर तिथेच थांबा. सेल काढा. पुढचं काही करू नका, शेवटचा भाग वाचा.

आता मीटर, हे चुकवायचं नाही

फिल्म कॅमेऱ्यात फ्लॅश पाडायचं काम धातूच्या दोन पट्ट्या करायच्या, शटर उघडलं की त्या एकमेकींना टेकायच्या आणि झालं. त्या पट्ट्यांमध्ये ५ व्होल्ट आहेत का २५० याचं कॅमेऱ्याला काही सोयरसुतक नव्हतं, म्हणून फ्लॅश बनवणारेही ट्रिगर सर्किटचं मोठं व्होल्टेज तसंच पायाच्या पिनेवर आणून ठेवायचे. डिजिटल बॉडीत पट्ट्यांच्या जागी बारीकसा सेमीकंडक्टर आहे. त्याला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त व्होल्टेज आलं की तो जातो, आणि बऱ्याचदा लगेच जात नाही, चारशे फोटो नीट निघतात आणि मग कधीतरी कार्यक्रमाच्या मध्येच सिंक (शटरबरोबर फ्लॅश पाडणं) बंद पडतं. "माझ्यावर तर चालतोय की" असं कोणी सांगितलं तर ते खरं असतं पण पुरावा म्हणून कामाचं नसतं.

मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. विविटार २८३ सत्तरच्या दशकात आला आणि खूप वर्षं बनत राहिला, सुरुवातीचे जपानी बनावटीचे पीस २०० च्या पुढे व्होल्ट दाखवतात, नंतरचे बरेच १० च्या आत. बाहेरून दिसायला सारखेच. मेट्झ ४५ सीटी-१ चं पण तेच, जुने नंबर जास्त, नंतरचे कमी. म्हणून इंटरनेटवरची यादी बघून ठरवू नका, हातातला पीस मोजा.

मोजायची पद्धत. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, रेंज सगळ्यात मोठी, म्हणजे साध्या पिवळ्या मीटरवर १००० ची. फ्लॅशमध्ये ताजे सेल, फ्लॅशचं तोंड भिंतीकडे, तुमच्या किंवा कोणाच्या डोळ्यांकडे अजिबात नाही, कारण प्रोब घसरून पिन आणि कडेची पट्टी एकत्र टेकली तर तो फुल पॉवरने पडणार. चालू करा, रेडी लाइट लागल्यावर अजून अर्धा मिनिट थांबा, कारण लाइट लागतो तेव्हा तो पूर्ण भरलेला नसतो. मग काळा प्रोब पायाच्या कडेच्या धातूच्या पट्टीला आणि लाल मधल्या पिनेला. प्रोबच्या प्लॅस्टिकलाच धरा, बोट धातूला लागलं तर चांगला झटका बसतो.

आकडा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा जी फारसं कोणी सांगत नाही. बाजारात दोन-तीनशेला मिळणारा पिवळा डीटी-८३० मीटर आतून १ मेगाओहमचा असतो आणि फ्लॅशचं ट्रिगर सर्किट इतकं नाजूक असतं की मीटरच त्याचं व्होल्टेज खाली ओढतो. तोच फ्लॅश चांगल्या १० मेगाओहमच्या मीटरवर बराच जास्त दाखवू शकतो. त्यामुळे पिवळ्या मीटरवर ४ दाखवलं तर ठीक, पण ६०-७० दाखवलं तर ते खरं शंभराच्या वर असू शकतं असंच धरून चाला आणि शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडचा नाहीतर टीव्ही रिपेअरवाल्याकडचा चांगला मीटर पाच मिनिटं मागून घ्या.

आकड्याच्या आधी वजा चिन्ह आलं, आणि प्रोब बरोबर लावलेत याची खात्री असेल, तर पोलॅरिटी उलटी आहे. व्होल्टेज कितीही कमी असलं तरी तो फ्लॅश बॉडीवर नको.

बाकी मी असं ठरवतो: ६ व्होल्टच्या आत असेल तर कुठल्याही बॉडीवर बिनधास्त. त्याच्या वर गेलं की तुमच्या बॉडीचं मॅन्युअल उघडायचं. निकॉनच्या मॅन्युअलमध्ये २५० व्होल्टच्या वर आणि निगेटिव्ह व्होल्टेज नको असं स्पष्ट छापलेलं असतं, पॅनासोनिकच्या ल्युमिक्समध्ये २५० किंवा जास्त नको, फुजीच्या एक्स सिरीजमध्ये ३०० च्या वर नको. कॅननमध्ये हॉट शूवर हाय-व्होल्टेज फ्लॅश लावू नका इतकंच असतं, आकडा देत नाहीत, मोठ्या बॉड्यांच्या पीसी सॉकेटला (फ्लॅशची सिंक वायर लावायची जागा) २५० ची मर्यादा दिलेली असते पण ती सॉकेटची. म्हणून कॅननच्या हॉट शूला मी सहाच धरतो. आणि निकॉनवर मर्यादा २५० आणि फुजीवर ३०० आहे म्हणून तिथेही २३० वाला फ्लॅश मी लावणार नाही. चाळीस वर्षांच्या फ्लॅशसाठी पन्नास हजाराची बॉडी त्या काठावर नेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही.

आकडा जास्त आला तर

फ्लॅश बाद नाही, फक्त कॅमेऱ्याशी तारेने जोडायचा नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह, छोटीशी डबी असते, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की ती आपला फ्लॅश पाडते. कॅमेरा आणि जुना फ्लॅश यांच्यात विजेचा संबंधच उरत नाही. मधला कॉन्टॅक्ट नसलेल्या १५००डी वाल्यांनाही हाच रस्ता.

आता इथे "फ्लॅश पडतो पण फोटोत येत नाही" ही तक्रार. बॉडीचा पॉप-अप फ्लॅश टीटीएलवर (लेन्समधून आलेला उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारा मोड) असेल तर तो खऱ्या फोटोच्या आधी मोजमापासाठी एक बारीक प्री-फ्लॅश मारतो. डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. स्लेव्ह त्या पहिल्यालाच फसतो, आपला फ्लॅश शटर उघडायच्या आधीच रिकामा होतो. उपाय, पॉप-अपला मेनूतून मॅन्युअल पॉवर द्या, अगदी कमी. कॅननमध्ये तशी सोय नसेल तर स्टार बटण दाबून फ्लॅश एक्स्पोजर लॉक करा, प्री-फ्लॅश तेव्हाच पडून जातो, जुना फ्लॅशही पडेल, त्याचा रेडी लाइट परत लागू द्या आणि मग फोटो घ्या. लॉक काही सेकंदच टिकतो, त्यामुळे फ्लॅश लवकर भरणारा हवा, सेल चांगले हवेत.

रेडिओ ट्रिगर वापरत असाल तर व्होल्टेज रिसीव्हरवर येतं, कॅमेऱ्यावर नाही, पण रिसीव्हरलाही मर्यादा असते, त्याच्या कागदावर बघा. हॉट शूवरच लावायचा हट्ट असेल तर वाईन (Wein) कंपनीचा सेफ-सिंक मिळतो, तो मधे बसून व्होल्टेज उतरवतो.

सेटिंग

व्होल्टेज ठीक आहे आणि बॉडीवर लावलाय, तरी गडबड आहे, तर हे बघा.

कॅमेरा एम मोडवर. शटर १/१२५. आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद. पांढराफटक फोटोंची निम्मी कारणं ऑटो आयएसओत असतात, कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हे माहीतच नसतं, तो खोली अंधारी बघून आयएसओ ३२०० करतो आणि वर आपला दणदणीत उजेड.

इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर बंद, त्यावर बहुतेक बॉड्यांत फ्लॅश पडत नाही. कॅनन डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमध्ये दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश सायलेंट शूटिंग डिसेबल केल्याशिवाय पडत नाही, आधी व्ह्यूफाइंडरमधून बघून मारा म्हणजे लगेच कळेल. मिररलेसवर स्क्रीन काळीकुट्ट दिसली तर एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा, कॅमेरा बिघडलेला नाही.

काळा पट्टा म्हणजे शटर स्पीड सिंकच्या वर गेलाय. बहुतेक बॉड्या १/२०० किंवा १/२५० पर्यंत पूर्ण उघडतात, त्याच्या वर पडद्याची फट सरकत जाते आणि फ्लॅशचा उजेड एका भागावरच पडतो. रेडिओ ट्रिगर थोडा उशीर करतो म्हणून त्यावर १/१६० लाच थांबा.

टीटीएल विसरा. फिल्मच्या काळातलं टीटीएल फिल्मवरून परत आलेला उजेड मोजायचं, सेन्सरवर ते जमत नाही. कॅननचे जुने ईझेड फ्लॅश, निकॉनचा एसबी-२८, हे डिजिटलवर टीटीएलला ठेवले तर भलतंच काहीतरी करतात, एसबी-२८ ए (स्वतःचा ऑटो) किंवा एम (मॅन्युअल) वर अगदी सोन्यासारखा चालतो आणि त्याचं ट्रिगर व्होल्टेजही कमी आहे. फ्लॅशचा स्वतःचा ऑटो मोड मात्र जरूर वापरा. त्यात फ्लॅशच्या पुढचा डोळा उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की तोडतो, कॅमेऱ्याची त्यात काही भानगड नाही. फ्लॅशवर आयएसओ लावा, रंगाप्रमाणे जे ॲपर्चर दाखवतो तेच लेन्सवर लावा.

ऑटो चालतंय का हे घरच्या घरी कळतं. थायरिस्टरवाला (उरलेला चार्ज वाचवणारा) फ्लॅश ऑटोवर ठेवून पांढऱ्या भिंतीपासून मीटरभरावरून मारा. रेडी लाइट जवळजवळ लगेच परत आला तर त्याने उजेड मधेच तोडला, उरलेला चार्ज वाचवला, म्हणजे चालतंय. दहा सेकंद लागले तर तो फुल पडतोय. आधी डोळ्यावरची धूळ पुसा, बोट आड येतंय का बघा, २८३ ला तो डोळा काढता येतो तेव्हा नीट खटकन बसलाय का बघा. तरी नाहीच झालं तर मॅन्युअलवर वापरा, हिशोब सोपा आहे, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले अंतर म्हणजे ॲपर्चर. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ मीटर असेल आणि माणूस साडेचार मीटरवर असेल तर एफ/८.

एकदाच पडून अडकणाऱ्या फ्लॅशचं कारण वेगळं. कॅमेऱ्यातला किंवा ट्रिगरमधला स्विच एससीआर प्रकारचा असेल तर तो एकदा चालू झाला की करंट पूर्ण थांबेपर्यंत बंद होत नाही, आणि काही फ्लॅश पिनेवर थोडासा करंट सोडतच राहतात. फ्लॅश बंद केला की सुटतो. हा जोडीचा दोष आहे, कोणीच खराब नाही, तो फ्लॅश दुसऱ्या ट्रिगरवर किंवा स्लेव्हवर वापरा.

कधी थांबायचं

फ्लॅश उघडू नका. हे मी मनापासून सांगतोय. मेन कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर चार्ज होतो, १००० मायक्रोफॅरॅडचा असेल तर त्यात ५० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ती एका क्षणात हातातून छातीत जाऊ शकते. सेल काढले, बंद केला, आठवडाभर ठेवला तरी तो रिकामा झाला असं समजायचं नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याचे व्हिडिओ बघून ते करू नका, तो रेझिस्टर लावून हळू उतरवायचा असतो आणि मीटरने शून्य बघून मगच हात घालायचा असतो. ज्याने हे काम केलेलं आहे त्यालाच द्या.

वास, धूर, गरम होणं, कवच फुगणं, आतून तडतड आवाज, पाण्यात पडलेला फ्लॅश, ट्यूबची काच तडकलेली, यातलं काहीही असेल तर सेल काढून सरळ दुरुस्तीवाल्याकडे. त्याने कपॅसिटर बदलायला फ्लॅशच्या किमतीपेक्षा जास्त पैसे सांगितले तर तो फ्लॅश सोडून द्या.

स्टुडिओतले जुने थेट घरच्या लाइनवर चालणारे लाइट असतील, लांब सिंक वायरवाले, तर त्यांचं व्होल्टेज घरी मोजायलाही जाऊ नका. त्यात मेन लाइनचा करंट सिंक वायरपर्यंत येण्याची शक्यता असते. ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून तपासून घ्या आणि तोवर फक्त स्लेव्हने पाडा.

आणि बॉडीवर आता कुठलाच फ्लॅश पडत नसेल, माहीत असलेला चांगला नवा फ्लॅशही नाही, शू पुसून आणि सेटिंग रिसेट करूनही नाही, तर कॅमेऱ्याचं सिंक सर्किट गेलंय, घरी काही होणार नाही. सर्व्हिस सेंटरला देताना कुठला फ्लॅश लावला होता आणि मीटरवर किती व्होल्ट आले ते चिठ्ठीवर लिहून द्या, लपवू नका, त्यांना नेमकं कुठे बघायचं ते कळतं आणि उगाच अख्खा बोर्ड बदलायचं एस्टिमेट येत नाही.